चित्तिरैची पहिली नजर

एप्रिलच्या तेरा तारखेला दुपार कलली की कोइंबतूरच्या पू मार्केटात बहाव्याचे घोस यायला लागतात. एरवी हा बाजार मोगऱ्याचा, जाईचा, शेवंतीचा. बहावा रस्त्याच्या कडेला आपला आपण फुलतो, त्याला कुणी पैसे मोजत नाही. या एका संध्याकाळी मात्र त्याला भाव येतो. दुसऱ्या दिवशी चित्तिरै, तमिळ वर्षाचा पहिला महिना, लागतो आणि पहाटे डोळे उघडल्याबरोबर जे दिसायला हवं, त्यात हे पिवळेधमक घोस लागतात. फुलांच्या गल्लीतून बाहेर पडलं की फळांच्या गाड्या. आंबा, फणस आणि केळं ही तमिळांची मुक्कनि, मानाची तीन फळं. बायका देठ दाबून, उलटसुलट करून, उजेडात धरून एकेक फळ निवडतात. या खरेदीत चवीपेक्षा रूपाला मान असतो. डाग नको, सुरकुती नको, रंग नीट चढलेला हवा.

माझं माहेर नाशिकचं आणि सासर इथलं. कोंगु मुलखात, म्हणजे कोइंबतूर, तिरुप्पूर, ईरोड, पोल्लाची या पट्ट्यात, तमिळ नववर्षाला पुत्ताण्डु म्हणतातच, पण घरातल्या बोलण्यात त्याचं नाव ‘चित्तिरै कनि’. कनि म्हणजे वर्षाच्या पहिल्या नजरेसाठी केलेली शुभ वस्तूंची मांडणी. चेन्नईला माझ्या नणंदेच्या सासरी दारात मोठा कोलम, म्हणजे रांगोळी असते, पूजा असते, पायसम असतं, कनि नसते. इकडे पश्चिमेला आणि खाली नागरकोविल-कन्याकुमारीकडे ती मांडतात. पालक्काडची खिंड आम्हाला जवळ. खिंडीपलीकडे केरळात त्याच सुमाराला विषु सणाची विषुक्कणि मांडली जाते आणि डोंगराच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्यांनी हा रिवाज आपलाच मानला आहे.

सासूबाईंना मी अत्तै म्हणते. नाशिकला माझी आजी तिच्या सासूला आत्याबाई म्हणायची, त्यामुळे ही हाक जिभेवर लगेच बसली. तेरा तारखेच्या रात्री जेवणं उरकली, भांडी झाली, ओटा पुसून झाला की अत्तै देवघराचं दार आतून लोटून घेतात. पितळेची मोठी परात दुपारीच चिंचेने घासून लख्ख केलेली असते. तळाला तांदूळ. त्यावर विड्याची पानं, सुपाऱ्या, हळकुंडं, गूळ, खडेमीठ, तूरडाळ. मग फळं, लिंबं, बहाव्याचे घोस. मग घरातलं सोनं, चांदीची जुनी नाणी, कोऱ्या नोटा आणि नव्या वर्षाचं पंचांग. या सगळ्याच्या मागे भिंतीला टेकवून आरसा. शेजारी कुत्तुविळक्कु, म्हणजे आपली उभी समई, वाती घालून तयार.

आरसा कशाला, असं मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं. अत्तै म्हणाल्या, “कण्णु, घरातल्या चांगल्या गोष्टी एका जागी मांडायच्या आणि त्यात तुझं तोंड नको, असं कसं?” या भागात लहानथोरांना ‘कण्णु’ म्हणायची रीत आहे. त्या एका वाक्यानंतर मला या मांडणीबद्दल दुसरं काही विचारावंसं वाटलं नाही.

पहाटे साडेचारला त्या एकेकाला उठवतात. उठवतात म्हणजे डोळ्यांवर तळवा ठेवतात आणि हळू आवाजात सांगतात, उघडू नकोस. मग खांद्याला धरून, खुर्चीचा कोपरा लागू नये म्हणून सांभाळत, देवघरापर्यंत नेतात. तळव्याला हळदीचा वास असतो. पाय थंड फरशीवर अंदाजाने पडतात. पाटावर बसवतात, हात काढतात, आणि समोर समईच्या उजेडात ते सगळं एकदम येतं. पिवळं, सोनेरी, हिरवं, आणि मधोमध झोपेने सुजलेला आपलाच चेहरा. माझी मुलगी लहान होती तेव्हा आरशात स्वतःला बघून खुदकन हसायची. ते हसू अत्तैंना वर्षाचा पहिला आवाज म्हणून फार आवडायचं. बघून झालं की थोरामोठ्यांच्या पाया पडायचं आणि ते विड्याच्या पानावर नाणं किंवा नोट ठेवून हातात देतात.

वर्षाची सुरुवात आपल्या हाताने करायची नसते, ती दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी रात्री जागून तयार करून ठेवलेली असते, हे मला या घरात आल्यावर पहिल्यांदा समजलं. माहेरी पाडव्याला सगळं आम्ही उजेडात, मिळून करतो. वडील काठी धरणार, आई जरीचं वस्त्र बांधणार, मी साखरेच्या गाठी घालणार, आणि गुढी उभी राहताना सगळे बघत असणार. कनिचं तसं नाही. तिच्यात मांडणारा एक आणि बघणारे बाकीचे. आणि मांडणाऱ्याचं काय, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं पडलाच नाही. अत्तै परात मांडून तिथेच देवघरात चटई टाकून झोपायच्या आणि सगळ्यांच्या आधी उठून समई लावायच्या. त्यांचीही नजर पहिल्यांदा परातीवरच पडायची, हे खरं. पण कुठे काय ठेवलंय ते ज्या हातांना ठाऊक, त्या हातांच्या मालकिणीला त्यात नवं काय दिसणार?

उजाडल्यावर गावातल्या देवळांत हाच सोहळा मोठा होऊन भेटतो. पुलियाकुळमला मुंदि विनायकाची एकाच दगडातून घडवलेली प्रचंड मूर्ती आहे. त्या दिवशी तिला नखशिखांत फळांनी मढवतात. काट्टूरच्या मुत्तुमारिअम्मन देवळात देवीची आरास चलनी नोटांची आणि दागिन्यांची असते. रांगा रस्त्यापर्यंत येतात. मला स्वतःला विनायक जास्त भावतो, कारण फळं नंतर लोकांच्या घरी जातात आणि खाल्ली जातात.

आता हे चौदा एप्रिललाच का? आपला पाडवा २०२४ साली ९ एप्रिलला होता, २०२५ साली ३० मार्चला, २०२६ साली १९ मार्चला. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं, म्हणून पाडवा दरवर्षी मागे सरतो आणि फार मागे गेला की अधिक महिना त्याला पुन्हा पुढे आणतो. यंदाचा अधिक ज्येष्ठ त्याच कामाला आलेला आहे. तमिळ वर्ष सूर्याचं, त्याला अधिक महिना लागत नाही. सूर्य मेषेत शिरला की चित्तिरै, वृषभेत शिरला की वैकासि. ज्या राशीत तो जितके दिवस रेंगाळेल तितक्या दिवसांचा महिना. त्यामुळे आनि महिना ३२ दिवसांचाही होतो आणि मार्गळि २९ दिवसांतही आटपतो. संक्रमण सूर्यास्ताआधी झालं तर तोच दिवस पहिली तारीख, नंतर झालं तर दुसरा दिवस. केरळचा नियम याहून थोडा वेगळा, म्हणून एखाद्या वर्षी खिंडीपलीकडचा विषु आमच्या कनिच्या दुसऱ्या दिवशी येतो आणि बहाव्याचा भाव आणखी एक दिवस टिकतो.

याच सुमाराला पंजाबात बैसाखी असते, आसामात बिहू, बंगालात पयला बैशाख, ओडिशात पणा संक्रांती. एवढ्या लांबलांबच्या लोकांनी एकाच सूर्याकडे बघून वर्ष मोजलं, याचं मला दरवेळी नवल वाटतं. गणित थोडं पुढे नेलं तर आणखी एक गोष्ट दिसते. दिवस-रात्र समान होतात ते २१ मार्चच्या आसपास, आणि पंचांगातली मेष संक्रांत येते चौदा एप्रिलला. हे चोवीसेक दिवसांचं अंतर पृथ्वीचा आस हळूहळू फिरत असल्यामुळे पडलं आहे. साधारण ७२ वर्षांत ते एका दिवसाने वाढतं. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते. म्हणजे आमची परात त्या जुन्या आकाशाच्या हिशेबाने मांडली जाते आणि तो हिशेब अत्तैंना कुणी शिकवलेला नसतानाही चुकत नाही.

जेवणात त्या दिवशी मांगाय पच्चडि हवीच. कैरीच्या फोडी शिजवायच्या, गूळ घालायचा, मीठ, मोहरी आणि लाल मिरचीची फोडणी द्यायची, आणि सगळ्यात शेवटी तुपात परतलेली कडुनिंबाची फुलं वरून पसरायची. आंबट, गोड, खारट, तिखट, आणि मागाहून येणारं कडू. आम्ही पाडव्याला कडुनिंबाची पानं गूळ, हिंग, ओवा, चण्याच्या डाळीबरोबर वाटून खातो आणि ती गोळी चटकन गिळून टाकतो. इथे कडू गिळून टाकता येत नाही, ते जेवणभर पानात असतं आणि पुन्हा पुन्हा घ्यावंसं वाटतं. फुलांची कडू चव पानांपेक्षा सौम्य, थोडी खमंग. ती गोळा करायची रीतही देखणी आहे. कडुनिंब फुलला की झाडाखाली जुनी स्वच्छ साडी पसरून ठेवायची, सकाळी चार कोपरे धरून उचलायची, काड्या निवडायच्या आणि उन्हात वाळवायची. बरणी वर्षभर पुरते, पोट बिघडलं की रसम करायला. चित्तिरैच्या पच्चडिला मात्र अत्तै ताजीच फुलं घेतात.

गोडाला आमच्याकडे ओप्पुट्टु असतो. डाळ शिजवून, गूळ-खोबरं घालून केलेलं पुरण, मैद्याच्या सैल पारीत भरून केळीच्या पानावर तेलाच्या हाताने थापलेलं. पहिल्या वर्षी तो पानात पडला तेव्हा मला माहेरची पुरणपोळी आठवून डोळ्यांत पाणी आलं होतं. अत्तैंनी ते पाहिलं आणि वर तूप वाढलं. दूध वाढणार का, असं मी विचारायचं धाडस करायला पुढची दोन वर्षं गेली. आता माझ्या पानाशेजारी दुधाची वाटी न मागता येते.

माझे सासरे, मामा, यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. ते शाळेत मुख्याध्यापक होते आणि तमिळ नववर्ष तै महिन्याच्या पहिल्या तारखेला, म्हणजे जानेवारीत पोंगलच्या दिवशी यावं, या मताचे होते. पत्रावर तारीख घालताना ते तमिळ कवी तिरुवळ्ळुवरच्या नावाचं, तिरुवळ्ळुवर वर्ष लिहीत. इसवी सनात ३१ मिळवले की ते येतं. चित्तिरैपासून मोजल्या जाणाऱ्या साठ संवत्सरांची नावं, प्रभव, विभव, शुक्ल अशी, सगळी संस्कृत. त्यांच्यामागची पुराणकथा त्यांना मान्य नव्हती. तमिळ शेतकऱ्याचं वर्ष नवं भात घरात येतं तेव्हा सुरू होतं, असं ते म्हणत. २००८ साली करुणानिधींच्या सरकारने तै महिन्याची पहिली तारीख हाच नववर्षदिन असा कायदा केला. २०११ साली जयललितांच्या सरकारने तो रद्द केला आणि चित्तिरै परत आली. आजही काही वाहिन्या त्या दिवशीच्या खास कार्यक्रमांना नववर्षाचे न म्हणता ‘चित्तिरै तिरुनाळ’चे म्हणतात. वरवर लहान वाटणाऱ्या या शब्दामागे शंभरेक वर्षांचा वाद आहे आणि त्यात दोन्हीकडे अभ्यासू, प्रामाणिक माणसं आहेत.

मामा त्यांपैकी एक होते. विरुद्ध बाजूचा सगळ्यात बळकट पुरावाही मला त्यांनीच सांगितला. नेडुनल्वाडै या संगमकाळातल्या, म्हणजे प्राचीन तमिळ काव्यात सूर्याच्या वाटचालीत मेंढ्याची रास पहिली धरली आहे, म्हणजे मेषेपासून मोजायची कल्पना तमिळला नवी नाही. हे सांगून ते म्हणाले, रास पहिली धरली म्हणून वर्षही तिथूनच धरलं, हे त्यातून निघत नाही, पण मुलांना दोन्ही शिकवावं. असा माणूस चौदा एप्रिलला पहाटे साडेचारला अत्तैंचा तळवा डोळ्यांवर घेऊन मुकाट चालत यायचा, पाटावर बसायचा आणि परातीकडे मनापासून बघायचा. नंतर आंघोळ करून, पांढरी वेष्टी नेसून बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला हार घालायला जायचा. तोही दिवस चौदा एप्रिलच. २०२२ पासून तमिळनाडू सरकार तो समत्तुव नाळ, समतेचा दिवस, म्हणून पाळतं आणि कचेऱ्यांत समतेची प्रतिज्ञा घेतली जाते. मामांना त्याचा केवढा आनंद झाला होता! माझ्या मुलीला नाशिकचे आजोबा फोनवर जयंतीची मिरवणूक ऐकवत असायचे आणि इकडचे आजोबा हातात हार घेऊन उभे. तिच्यासाठी हा एकाच दिवसाचा कार्यक्रम होता, त्यात तिला कधी सांधा दिसला नाही.

मामांचं म्हणणं शेताबद्दल होतं, म्हणून एक गोष्ट इथेच सांगते. नवऱ्याच्या चुलत घराण्यातली मंडळी कोविल्पट्टीकडे आहेत. काळ्या मातीचा, पावसावर अवलंबून असलेला तो मुलूख. तिथे चित्तिरैच्या पहिल्या दिवशी ‘पोन्नेर’ जुंपतात, म्हणजे सोन्याचा नांगर. नांगर लोखंडाचा किंवा लाकडाचाच असतो. गावातले शेतकरी बैल धुऊन, शिंगं रंगवून, हळदकुंकू लावून, बियाणं आणि पूजेचं सामान घेऊन एका ठरलेल्या रानात जमतात. पूजा होते, आणि सगळे नांगर एका ओळीत एकदम चालायला लागतात. मी गेले तेव्हा ओळीत बैलजोड्या थोड्या आणि ट्रॅक्टर जास्त होते. ट्रॅक्टरच्या बोनेटवरही चंदनाची बोटं उमटलेली. पेरणीला अजून महिने असतात. त्या दिवशीची नांगरट म्हणजे नुसती एक फेरी, जमिनीला दिलेली वर्दी. मामांना मी परत येऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, बैल किती होते?

आमच्या गल्लीत १९८३ नंतर श्रीलंकेतल्या जाफन्याहून आलेलं एक कुटुंब आहे. त्यांच्याकडे कनि नसते, मरुत्तुनीर असतं. बेलाची पानं, तुळस, दूर्वा, हळद, मिरी असं काय काय उकळून देवळात केलेलं पाणी. पंचांगात दिलेल्या पुण्यकाळात, संक्रमणाच्या आधीचे चार तास आणि नंतरचे चार तास, घरातल्या मोठ्या माणसाने ते लहानांच्या डोक्याला लावायचं आणि मगच स्नान. कपड्यांचा रंगही पंचांगच सांगतं. मग शुभ वेळी ‘कैविशेषम’, म्हणजे मोठ्यांच्या हातून पैसे. त्या घरची आक्का एकदा आम्हाला बाटलीभर मरुत्तुनीर देऊन गेली. तिचे भाऊ टोरोंटोला असतात. एकाच संक्रमणाची घटका काही वर्षी तिकडे आदल्या तारखेची असते, तेव्हा भावाबहिणींची स्नानं एकाच क्षणी पण दोन वेगळ्या तारखांना होतात. ती हे सांगत होती तेव्हा अत्तैंनी तिचा हात धरून ठेवला होता.

मामा २०२४ च्या नोव्हेंबरात गेले. तमिळ घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. २०२५ ची चित्तिरै आमच्याकडे कनिशिवाय आली. अत्तैंनी रोजच्यासारखा दिवा लावला. पंचांग मात्र त्यांनी विकत आणलं होतं, ते खिळ्याला टांगलं. शेजारून ओप्पुट्टुचा डबा आला. नवरा कामावर गेला. माझी मुलगी साडेचारला जागी होती, हे मला दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. डोळे मिटून पडून राहिली होती.

या वर्षी मार्चमध्ये मामांच्या बहिणीचा फोन आला. प्रेमळ बाई, तोंडात वाईट शब्द नाही. त्या म्हणाल्या, आता परात सुनेच्या हातून मांडून घ्या, सवाष्णीचा हात हवा. अत्तै ‘बरं’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला संताप आला. चाळीस वर्षं ज्या हातांनी या घराला पहिली नजर दिली, ते हात एका माणसाच्या जाण्याने अशुभ ठरतात, हे मला मान्य नाही. ते माहेरी मान्य नव्हतं, इथेही नाही. हळदीकुंकवाला माझी आई विधवा मावशीला मुद्दाम बोलावायची आणि पहिलं बोट तिलाच लावायची. मी त्या घरातली आहे. मी अत्तैंना सांगितलं, मी मांडणार नाही. परात तुमच्याच हातची. नवराही तेच बोलला.

अत्तै दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग भाजी निवडताना म्हणाल्या, “माझ्या हाताला काही झालेलं नाही, कण्णु, ते मला ठाऊक आहे. पण एवढ्या वर्षांत मला कुणी डोळे झाकून नेलेलं नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी सासू आजारी होती, तेव्हापासून मीच मांडते. मला एकदा बघायची आहे.”

मी गप्प झाले. मी परात मांडली असती तर नात्यातल्या लोकांना वाटलं असतं, यांनी रीत मानली. नाही मांडली तर अत्तैंना त्यांची पहिली नजर कधीच मिळणार नव्हती. या पेचातून वाट त्यांनीच काढली. मामांच्या त्या बहिणीला स्वतः फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, “या वर्षी मी बघणार आहे. पुढच्या वर्षी मी मांडणार आहे. नंतर एकाआड एक.” पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्यांचं बोलणं मुलांच्या परीक्षांवर गेलं.

तेरा तारखेच्या रात्री दार लोटून मी एकटी बसले. बघताना सोपी वाटणारी गोष्ट हातात घेतली की तिचं वजन कळतं. फणस उभा राहीना. नाणी तांदळात बुडत होती. समईचा उजेड आरशात पडला की समोरच्याच्या डोळ्यांत जाईल, हे लक्षात यायला मध्यरात्र झाली. सगळ्यात वेळ गेला तो दुसऱ्याच्या नजरेने बघण्यात. अत्तैंची नजर आधी कुठे जाईल, बहाव्यावर का सोन्यावर, हे ठरवत मी चारदा मांडलं आणि मोडलं. त्यांनी हे दरवर्षी आम्हा प्रत्येकासाठी केलं असणार. मुलीला खेळण्यातलं वाटावं असं काहीतरी परातीच्या कडेला नेहमी असायचं, छोटी लाकडी बाहुली नाहीतर रंगीत खडू. ते आपोआप तिथे येत नव्हतं.

पहाटे मी त्यांच्या डोळ्यांवर तळवा ठेवला. घर त्यांच्या पायाखालचं, डोळे मिटूनही त्या कुठेही अडखळल्या नसत्या. तरी माझा दंड धरून, मी नेईन तशा आल्या. पाटावर बसल्या. मी हात काढला. त्यांनी बघितलं आणि पहिलं वाक्य आलं, “आरसा थोडा खाली हवा, मला नुसतं कपाळ दिसतंय.” त्या माझ्याहून बुटक्या आहेत, हे माझ्या मापात आलंच नव्हतं. नवऱ्याने आरसा धरून खाली केला. मग त्या काही बोलल्या नाहीत. बराच वेळ बघत राहिल्या. एकेका फळावर, एकेका नाण्यावर नजर ठेवत. उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विड्याच्या पानावर नोट दिली.

यंदा सूर्य मेषेत आला तो उजाडून गेल्यावर. म्हणजे आम्ही कनि बघितली तेव्हा तो अजून मीनेतच होता आणि पंचांगाच्या काटेकोर हिशेबाने जुनंच वर्ष चालू होतं. अत्तैंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, पाहुणा यायच्या आधी घर आवरून ठेवतात ना?

संध्याकाळी पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या देवळात पंचांगवाचन होतं. गुरुक्कळ, म्हणजे पुजारी, नव्या वर्षाचं नाव सांगतात, यंदाचं ‘पराभव’. मग राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती, कोणतं धान्य पिकेल, कोणत्या राशीला आय किती आणि व्यय किती. जुन्या कोष्टकांचं वाक्य पंचांग आणि सुधारित गणिताचं तिरुक्कणित पंचांग यांच्यात घटकांचा फरक असतो, त्यावर देवळाच्या ओट्यावर म्हातारे वाद घालतात. वाक्य पंचांगाची परंपरा पाठांतराची. १८२५ साली पाँडिचेरीत जॉन वॉरन या युरोपियन अभ्यासकाने एका तमिळ पंचांगकर्त्याला चंद्रग्रहणाचं गणित करताना पाहिलं होतं. त्या गृहस्थांनी कागद घेतला नाही. जमिनीवर कवड्या मांडल्या, कोष्टकं तोंडपाठ होती ती म्हणत गेले आणि ग्रहण लागण्याची वेळ अवघ्या काही मिनिटांच्या फरकाने सांगितली. मला भविष्यात रस नाही. या डोक्यांबद्दल मात्र अपार आदर आहे, आणि त्या आदरापोटी मी दरवर्षी ओट्यावर जाऊन बसते.

तिथूनच मी नाशिकला आईला फोन लावते. तिच्यापुढे तिचं पंचांग उघडं असतं. दोन पंचांगं जुळवायचा हा आमचा जुना छंद. तिच्या संवत्सरफलात राजा ठरतो तो पाडव्याच्या वारावरून, आणि मंत्री ठरतो मेष संक्रांतीच्या वारावरून. यंदा पाडवा गुरुवारी, म्हणून राजा गुरू. चौदा एप्रिल मंगळवारी, म्हणून मंत्री मंगळ. म्हणजे तिच्या पंचांगातल्या राज्यकारभाराला आमच्या चित्तिरैची वाट पाहावी लागते. मी तिला हे गमतीने म्हणून दाखवलं, तर ती लगेच म्हणाली, मग मंत्री नेमायला मी तिकडे यायला हवं.

पुढच्या वर्षी ते जमण्यासारखं आहे. २०२७ साली पाडवा ७ एप्रिलला येतो आणि चित्तिरै नेहमीप्रमाणे चौदाला, मध्ये आठवडाच. आई गुढी उतरवून, दोन दिवसांनी गाडीत बसून येईल. अत्तैंनी तिच्यासाठी देवघराजवळची खोली ठरवली आहे आणि आरसा केवढ्या उंचीवर लावायचा ते कळावं म्हणून आईची उंची मला विचारून ठेवली आहे.